वाचकांचे प्रश्न : इंजिनिअरिंगमधून यूएक्सकडे

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअर, वय 29. पिंपरीत राहतो, सहा वर्षं बॅकएंडचं, म्हणजे ॲपच्या पडद्यामागच्या कोडचं, काम करतोय. यूएक्स डिझाइनमध्ये, म्हणजे ॲप वापरणाऱ्याला सोपं जाईल अशी रचना करण्याच्या कामात, जायचं म्हणून फिग्मा या स्क्रीन आखायच्या सॉफ्टवेअरचा तीन महिन्यांचा कोर्स केला. पोर्टफोलिओत चार नामवंत ॲपचे स्क्रीन नव्याने करून ठेवलेत. वीस-बावीस अर्ज केले, पण कुठूनच बोलावणं नाही. नोकरी सोडून एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) करू का?

उत्तर : नोकरी आत्ता सोडू नका. घोडं पदवीपाशी नाही, त्या चार रीडिझाइनपाशी अडलंय. अमुक बटण तिथेच का ठेवलंय आणि हलवलं तर काय बिघडेल, हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नसतो. मग पाहणाऱ्याला दिसतात ते फक्त रंग आणि गोल कोपरे. ते चारही काढा आणि एकच काम मुळापासून करा.

काम ऑफिसातच शोधा. सपोर्टची मंडळी दिवसभर वापरतात ते रिफंडचं पान घ्या. वापरणारी माणसं दोन टेबलं सोडून बसलेली असतात, ही सोय बाहेर मिळत नाही. मॅनेजरची लेखी परवानगी मात्र घ्या आणि पोर्टफोलिओत नावं, आकडे बदलून टाका.

पहिले दोन आठवडे फिग्मा उघडू नका. चार-पाच जणांच्या शेजारी तास-तासभर बसा. 'अशी सोय दिली तर आवडेल का?' हे विचारू नका. सगळे हो म्हणतात. 'शेवटचा रिफंड कधी केलात? तसाच आत्ता करून दाखवा,' म्हणा. मग दिसतं, की ऑर्डर नंबर आधी वहीत उतरवला जातो आणि तिथून दुसऱ्या टॅबमध्ये टाइप होतो. ती वही म्हणजे तुमच्या कामाचा पाया. इंजिनिअर घसरतो तो नेमका इथे : अडचण ऐकता ऐकताच डोक्यात डेटाबेसची टेबलं आणि एपीआय (प्रोग्रॅममधले जोड) तयार होतात, आणि ऐकणं थांबतं. म्हणून अडचण एका वाक्यात लिहा. त्यात उपायाचा एकही शब्द नको. मग कागदावर पाच-सहा वेगवेगळ्या रचना, आणि त्यानंतर फिग्मा.

नव्या रचनेची वापरणाऱ्यांकडून चाचणी घेताना 'ग्राहकाला फुटका कप मिळालाय, त्याचे 340 रुपये परत करा' एवढंच सांगा. 'रिफंडच्या बटणावर क्लिक करा' म्हटलंत की पेपर फुटला. समोरचा अडखळला तरी गप्प राहा. 'वर उजवीकडे बघा' म्हणालात तर त्या माणसाची चाचणी तिथेच संपली. माउस कुठे घुटमळला, तोंडून काय निघालं, ते शब्दशः लिहून घ्या.

अशा चाचणीला पाच जण पुरतात, हा यूएक्सचे जाणकार याकोब नील्सन यांचा हिशेब तुम्ही ऐकला असेल. त्यामागचं गृहीतक तुम्हाला आवडेल : एखादी अडचण सरासरी 31 टक्के लोकांना नडते. मग पाच जणांत 84 टक्के अडचणी उघड होतात. पण दहातल्या एकालाच नडणारी चूक पाच जणांत दिसण्याची शक्यता जेमतेम 41 टक्के. म्हणून पाच, दुरुस्ती, पुन्हा पाच. सपोर्ट आणि अकाउंट्स दोघंही ते पान वापरत असतील, तर दोघांचे पाच-पाच वेगळे.

आणि तुमची सहा वर्षं लपवू नका. रिफंड पाठवला, बँकेकडून वेळेत उत्तरच आलं नाही, तर स्क्रीनवर काय दिसावं? बरेच नवे डिझायनर 'यशस्वी' आणि 'अयशस्वी' असे दोनच स्क्रीन काढतात. खरी अवस्था तिसरी असते : अजून माहीत नाही. तिथे 'अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा' लिहिलं आणि मागे प्रत्येक विनंतीला एकमेव ओळख दिलेली नसली, तर पैसे दोनदा जातात. तिथे 'प्रक्रिया सुरू आहे, पुन्हा पाठवू नका' असं लिहावं, संदर्भ क्रमांक दाखवावा आणि बटण बंद ठेवावं. हे एक पान, त्यामागच्या कारणांसह, पोर्टफोलिओत सर्वांत वर ठेवा. रोज संध्याकाळी दीड-दोन तास दिलेत तर एवढं सगळं साधारण आठ आठवड्यांत होतं. मग पहिला अर्ज स्वतःच्या कंपनीतल्या डिझाइन टीमकडे करा. तिथे तुमच्या कामाचे साक्षीदार आहेत.

एम.डेस.चं म्हणाल, तर दोन वर्षं पगाराविना काढता येत असतील आणि संशोधनाची ओढ असेल, तर जरूर करा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइन आहे. त्यासाठीची सीड (CEED) ही प्रवेश परीक्षा जानेवारीत असते. तिला वयाची अट नाही. गुण मात्र एकच वर्ष चालतात. दुसऱ्या भागात हाताने चित्रं काढायची असतात. कोडिंग करणाऱ्यांची गाडी तिथेच अडते, तेव्हा सहा महिने आधीपासून रोज पेन्सिल हातात घ्या.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर, नाशिकला कारखान्यात आहे. कोडिंग येत नाही. मला हा रस्ता बंद आहे का?

उत्तर : नाही. मशीनवरचा टच पॅनल हाही यूएक्सच आहे, आणि तो वापरणारा ऑपरेटर तुमच्या ओळखीचा आहे. तुमचा पहिला प्रकल्प तोच. बटणांची मापं पट्टीने घ्या. अँड्रॉइडचं शिफारस केलेलं 48 डीपी (स्क्रीनवरचं मापाचं एकक) म्हणजे साधारण 9 मिलिमीटर, पण ते उघड्या बोटासाठी. हातमोजा घालून तपासाल तेव्हा ते अपुरं पडेल. बिघाड नुसत्या लाल-हिरव्या रंगाने दाखवला असेल तर शेजारी शब्द किंवा चिन्ह हवं. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातलं गुणोत्तर, किमान 4.5 : 1 ठेवा. मराठी मजकूर असेल तर ओळींमधलं अंतर वाढवा. इंग्रजीच्या मापाने ठेवलं की वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, आणि 'सुरू'चं 'सरू' होतं.