पाळी येईपर्यंत थांबू नका

प्रश्न : सिस्टर, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी साडेनऊ वर्षांची, चौथीत आहे. गेल्या महिन्यात तिला न्हाऊ घालताना डाव्या छातीत बोराएवढी गाठ हाताला लागली. दाबलं की दुखते म्हणते. मला झोप नाही. सासूबाई म्हणतात, "एवढ्यात काही सांगू नकोस, पाळी आली की बघू." दुसरं असं, की आमचे एक चुलत सासरे आले की तिला मांडीवर ओढून घेतात. ती अंग चोरते. "आजोबांना नाही म्हणू नये," असं मीच तिला बजावलं आणि तेव्हापासून मन खातंय. तिला काय आणि किती सांगू? मोठा मुलगा आठवीत आहे.
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, आधी गाठीचं. निपलच्या बरोबर खाली, टणक, दुखरी गाठ असेल तर ती स्तनांची वाढ सुरू झाल्याची खूण आहे. बऱ्याचदा एकाच बाजूला आधी येते, दुसरी काही महिन्यांनी. आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान कधीही हे सुरू होतं. दाबून, चोळून बघत बसू नका. जागा लाल झाली, ताप आला किंवा निपलमधून पाणी आलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आठ वर्षांच्या आत अशी वाढ दिसली तरी दाखवायचं.

आता सासूबाईंचं म्हणणं. ही खूण दिसल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांत पाळी येते. म्हणजे सांगायला तुमच्या हातात तेवढाच वेळ आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं. सातवीत होते, भुईमुगाच्या शेंगा तोडत होते. परकराला रक्त दिसलं तेव्हा मला वाटलं, आतून काहीतरी फाटलंय, आता आपण मरणार. संध्याकाळपर्यंत बांधावरून उठले नाही. पुढे एकतीस वर्षं आरोग्य उपकेंद्रात नोकरी केली, तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी पोरी समोर आल्या. शाळेत पुनरुत्पादनाचा धडा येतो दहावीत! तोवर वर्गातल्या बहुतेक मुलींना पाळी सुरू होऊन वर्षं लोटलेली असतात.

एका बैठकीत सगळं सांगायला जाऊ नका. आज एवढंच सांगा, "ही गाठ म्हणजे तू मोठी होतेयस, दुखेल थोडे दिवस." मग कधी काखेतल्या केसांचं, कधी पाळीचं. योनी, स्तन, लिंग हे शब्द घरात उच्चारा. ज्या अवयवाला पोरीकडे शब्दच नाही, तिथे काय झालं हे ती सांगणार कशी?

आणि ते मांडीवर बसवणं. ताई, तुमचं मन खातंय ते बरोबर आहे. ते गृहस्थ कसे आहेत हे मला माहीत नाही, आणि इथे तो प्रश्नही नाही. पोरीला नको आहे, एवढं पुरे. तिने अंग चोरलं हेच तिचं "नाही." ते आपण घरात मोडलं, तर उद्या बाहेर कुणी हात लावला तेव्हा ती कुठल्या बळावर ओरडेल? पुढच्या वेळी सगळ्यांदेखत म्हणा, "काका, ती आता शेजारी बसेल." हे तुमच्या यजमानांनी म्हटलं तर जास्त बरं, त्यांचेच काका आहेत. आणि तिला जवळ घेऊन सांगा, "त्या दिवशी मी तुला चुकीचं सांगितलं."

'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' एवढ्यावर मुलांचा गोंधळ होतो. इंजेक्शन दुखतं पण वाईट नसतं, आणि गुदगुल्या करणारा हातही वाईट असू शकतो. मी मुलांना सोपं सांगायचे : चड्डीच्या आतल्या जागेला कुणी हात लावायचा नाही, बघायचं नाही, स्वतःचं दाखवायचं नाही, डॉक्टर तपासतील ते आई जवळ असताना. आणि "आईला सांगू नकोस" असं कुणीही म्हणालं, की ते आईलाच पहिलं सांगायचं.

कधी तसं काही कानावर आलं, तर "तू तिथे गेलीसच कशाला?" हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. विश्वास ठेवा. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा पोलिसांकडे जा. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा अठराच्या आतल्या मुलींसाठी आहे तसा मुलांसाठीही आहे. जबाब घरी घेता येतो, आणि घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेशात यायचं नसतं.

मुलाला विसरू नका. झोपेत वीर्य बाहेर पडणं हा आजार नाही. त्याला 'स्वप्नदोष' म्हणतात, त्यातला 'दोष' पोरांना फार छळतो. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिराती वाचून घाबरलेली मुलं मी पाहिली आहेत. हे त्याच्या वडिलांनी सांगावं. ते लाजले तर तुम्ही सांगा. बहिणीने "सोड" म्हटलं की मस्करीतही हात सोडायचा, हेही त्याला आत्ताच कळू द्या.

पाचवीत गेली की दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोन पॅड, एक चड्डी आणि जुनं वर्तमानपत्र असू द्या. पॅड कसं लावायचं ते आधी तुमच्यासमोर करू द्या, आणि तो कप्पा तिचा तिलाच भरू द्या.