असिस्टंट म्हणजे कमीपणा का?

बारावीचा निकाल लागला की दापोली-हर्णैकडचे पालक मला, करिअर समुपदेशकाला, हमखास विचारतात, ‘फिजिओथेरपी असिस्टंटचा कोर्स करू दे का? की मग जन्मभर दुसऱ्याच्या हाताखालीच?’ हा प्रश्न इतक्या घरांतून आला, की रसिकाची (नाव बदललं आहे) हकिकत लिहायलाच हवी.

वडिलांची बोट हर्णै बंदरात. अमेरिकेत दोन वर्षांत असिस्टंट होता येतं, हे रसिकाने मोबाइलवर पाहिलेलं. आई नाराज. “मॅडम, एवढं शिकून नुसती मदतनीस?”

आधी माहिती नीट करून दिली. अमेरिकेत दोन वर्षांचं शिक्षण, मग परीक्षा आणि परवाना असतो. उपचार फिजिओथेरपिस्ट ठरवतो, व्यायाम असिस्टंट करून घेतो. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टची नोंदणी पदवीवरच होते. चार वर्षं, वर इंटर्नशिप, आणि महाराष्ट्रात प्रवेश ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर. असिस्टंटच्या डिप्लोम्यावर स्वतःचं क्लिनिक काढता येत नाही. हे ऐकून रसिका गप्प झाली.

माझा अनुभव असा, की मुलांना ‘तुझी आवड काय?’ विचारलं तर पाठ केलेलं उत्तर मिळतं. ती काय करत आली, हे विचारावं.

“घरी कुणाचं आजारपण काढलंयस?”

“आजीचं. अर्धांगवायू झाला होता.”

“सांग ना.”

मग ती थांबेचना. “आजीला उठवताना लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. पाखाडीच्या पायऱ्या चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुबळा. फिजिओच्या ताईंनी शिकवलेलं. दहा वेळा पाय उचल म्हटलं की आजी चिडायची. मग मी मोजायचं सोडलं. तिच्या माहेरच्या गोष्टी काढायचे. बोलता बोलता दहाचे पंधरा व्हायचे.”

“ताईंनी व्यायाम का बदलला, हे कधी विचारलंस?”

“नाही. मला आजीपाशी बसायला आवडायचं.”

तिथेच सगळं उलगडलं. ज्या मुलाच्या डोक्यात ‘का’ घोळत राहतं, त्याला मी पदवीकडे वळवते, ‘नीट’ पुन्हा द्यावी लागली तरी. रसिकाची ताकद रोज तोच व्यायाम, न कंटाळता, माणसाचा कल सांभाळत करून घेण्यात होती. ठरवलेला उपचार रुग्णाच्या अंगी उतरतो तो अशाच हातांमुळे, हे माझं ठाम मत आहे. आईकडे वळून एवढंच विचारलं, “सासूबाई कुणामुळे चालायला लागल्या?” “ताईंमुळे,” त्या म्हणाल्या आणि मग लेकीकडे पाहत राहिल्या. माझ्या कामात असे क्षण मला फार मोलाचे वाटतात.

रसिकाने डिप्लोमाच निवडला, मर्यादा माहीत करून घेऊन.

तुमच्या घरी हाच विचार चालू असेल तर फी भरण्याआधी मुलाला एखाद्या फिजिओथेरपी विभागात आठवडाभर बसू द्या, तिथल्यांच्या परवानगीने. संस्थेला विचारा: कोर्सला मान्यता कुणाची, प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम किती, शिकवणारे नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट आहेत का. मागच्या वर्षीची मुलं कुठे कामाला लागली, हे त्या मुलांनाच फोन करून विचारा. ‘कोर्स करा, स्वतःचं सेंटर काढा’ असं कुणी सांगितलं, तर तिथे पैसे भरू नका.