बाईंना विचारा : बोर्ड बदललं की नर्सरी भरते का?

यावेळी तीन पत्रं घेतलीत, दोन शाळा चालवणाऱ्यांची आणि एक पालकाचं. पहिल्यालाच जास्त जागा गेली, इलाज नाही.

बाई नमस्कार, कोल्हापुरात राजारामपुरी भागात आमची इंग्लिश मीडियम शाळा आहे, स्टेट बोर्ड, विनाअनुदानित. मी सहा वर्षं मुख्याध्यापिका आहे. नर्सरीच्या पूर्वी दोन तुकड्या व्हायच्या, यंदा एक कशीबशी भरली. हायवेला मोठ्या ग्रुपची सीबीएसई शाळा आलीय, एसी बस, स्विमिंग टँक, सगळं. ट्रस्टी म्हणतात आपणपण सीबीएसई करूया. संस्थापकांचा मुलगा रात्री अकराला व्हॉट्सॲपवर निर्णय टाकतो आणि सकाळी तोंड मला द्यावं लागतं. दिवाळीनंतर गणिताच्या दोन मॅडम सोडून गेल्या. काय करू?

मॅडम, आधी नर्सरीचं बघू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ आलाय, म्हणजे एका बाईमागं सरासरी दोन मुलंसुद्धा नाहीत. तेव्हा हायवेवाल्यांनी तुमची पोरं पळवली हे अर्धंच खरं, मुळात पोरंच कमी झालीत आणि शाळा वाढल्यात. बोर्ड बदलून पोरं जन्माला येत नाहीत ओ.

आणि सीबीएसई म्हणजे गेटवरची पाटी बदलणं नव्हे. जागेची अट आहे, राज्य सरकारचं ना हरकत पत्र लागतं, तुकडीत साधारण ४० पोरं, प्रत्येक शिक्षकाचं वर्षाला ५० तास ट्रेनिंग, आणि दहावीची बॅच जुन्याच बोर्डातून बाहेर काढावी लागते, म्हणजे मधल्या काळात एका छपराखाली दोन बोर्डं आणि शिक्षक तेच! २०२५ मध्ये सरकारनंच जाहीर केलं की स्टेट बोर्डातपण पहिलीपासून टप्प्याटप्प्यानं सीबीएसई पॅटर्न येणार, मग तुम्ही एवढा खर्च करून वेगळं असं काय दाखवणार, हे ट्रस्टींना कागदावर मांडायला सांगा. तोंडी नको, कागदावर.

माझ्या मते तुमचं खरं दुखणं त्या रात्रीच्या मेसेजमध्ये आहे. मी पण हे भोगलंय. एका संस्थेत चार वर्षं मी वरून येईल त्याला हो म्हणत गेले, वाटायचं जमवून घेतलं की शाळा चालते, आणि एक दिवस लक्षात आलं की शिक्षक रजासुद्धा मला न विचारता थेट ट्रस्टींच्या घरी जाऊन मागतायत. मी नुसती सहीपुरती उरले होते. तेव्हा महिन्यातनं एक बैठक ठरवून घ्या, इतिवृत्त लिहा, आणि वाटणी करा: बिल्डिंग, फी, कर्ज त्यांचं, टाइमटेबल, परीक्षा, शिक्षक निवड तुमची. संस्थापकांच्या मुलाला शत्रू समजू नका, त्याला बँकेचा हप्ता दिसतोय, तुम्हाला वर्ग दिसतोय. त्याला आठवड्यातनं एकदा बोलवा, पूर्ण दिवस शाळेत बसू दे, स्टाफरूममध्ये डबा खाऊ दे.

गेलेल्या दोन मॅडमना फोन करा. परत या म्हणायला नव्हे, का गेल्या ते विचारायला. पगार तर असणारच (क्लासवाले जास्त देतात, ते आपल्याला झेपत नाही), पण मे महिन्यात उन्हात पॅम्प्लेट घेऊन ॲडमिशन गोळा करायला त्यांना घरोघरी फिरवलं होतं का? फिरवलं असेल तर ते पहिलं बंद करा. आणि तुम्ही आठ दिवस रजेवर गेलात तर शाळा कोण बघतं? लगेच नाव सुचत नसेल तर एका पर्यवेक्षिकेला आत्तापासनं तयार करायला घ्या.

कागलमधून लिहितोय. शाळेनं ग्रुपवर मेसेज टाकून फी २० टक्के वाढवली. पीटीएची (पालक-शिक्षक संघाची) मीटिंग कधी झाली कुणालाच माहीत नाही. हे चालतं का?

नाही चालत दादा. २०११ चा फी नियमनाचा कायदा आहे, त्यात फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं यावी लागते, एकदा ठरली की दोन वर्षं तीच राहते. समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, मॅनेजमेंटच्या पसंतीनं नव्हे. समितीची यादी आणि मंजुरीचा कागद लेखी मागा, व्हॉट्सॲपवर भांडू नका, तिथं नुसते अंगठे येतात. कागद दाखवलाच नाही तर २५ टक्के पालक मिळून विभागीय शुल्क नियामक समितीकडं जाऊ शकतात. आणि एक, शाळेतल्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात, तेव्हा पहिली भेट त्यांची घ्या, शांतपणे. बरेचदा त्या बिचाऱ्यांनापण मेसेज तुमच्याबरोबरच आलेला असतो.

इचलकरंजीत आमची छोटी शाळा आहे, मी सचिव. आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात गरीब पोरांना ज्या २५ टक्के जागा मोफत द्यायच्या त्यांचे, पैसे सरकारकडनं वेळेवर येत नाहीत. यंदा २५ टक्क्यांची ॲडमिशन नाकारली तर?

सचिवसाहेब, नाकारू नका, टिकणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियमच बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली होती, ती हायकोर्टानं जुलैत रद्द केली आणि सुप्रीम कोर्टानंही ऑगस्टमध्ये तेच कायम ठेवलं. आणि खरं सांगू का, ज्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला, त्या जिल्ह्यात आपण पोराला गेटवरनं परत पाठवायचं, मला तरी पटत नाही.

पण पैशाची तक्रार तुमची शंभर टक्के खरी. एका मुलामागं वर्षाला १७,६७० रुपये हा दर, आणि तोही थकत थकत येतो. बजेट करताना हा पैसा जमेला धरूच नका, आला तर मागच्या वर्षाची बाकी म्हणून लिहा. प्रस्ताव मुदतीत पाठवा, हजेरी आणि आधारच्या नोंदी बिनचूक ठेवा, एक नाव चुकलं तरी फाईल परत येते. हे काम क्लार्कवर टाकून मोकळं होऊ नका, पुढच्या सोमवारी स्वतः बसून गेल्या तीन वर्षांच्या फायली चाळा.