बाळंतिणीचा ताप आणि ‘दूध भरले असेल’

प्रश्न : माझ्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणात पाणमोट फुटून वीस तास उलटल्यावर सिझेरियन करावे लागले. सातव्या दिवशी ताप आला. दूध भरले असेल म्हणून आम्ही दोन दिवस थांबलो आणि अखेर गर्भाशयात जंतुसंसर्ग झाल्याचे निदान झाले. तिच्या जावेचेही सिझेरियनच झाले होते, पण ते आधी तारीख ठरवून. तिला काहीच त्रास झाला नाही. मग हिलाच का? आता हिला पुन्हा सातवा महिना आहे. — एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : फरक बहुधा त्या वीस तासांत आहे. पाणमोट शाबूत असते तोवर योनिमार्गातील जंतूंना गर्भाशयाची वाट सहसा बंद असते. ती फुटल्यानंतर प्रसूतीला जितका वेळ लागतो आणि त्या अवधीत जितक्या वेळा आतून तपासणी होते, तितका संसर्गाचा धोका वाढत जातो, आणि अशा लांबलेल्या कळांनंतर केलेले सिझेरियन हे ठरवून केलेल्या सिझेरियनपेक्षा अधिक जोखमीचे असते. रक्तक्षय, मधुमेह, लठ्ठपणा, प्रसूतीत झालेला अतिरक्तस्राव, वार हाताने काढावी लागणे किंवा तिचा तुकडा आत राहणे, ही इतर कारणे.

संसर्ग पुन्हा होईलच असे नाही. मुलीचे हिमोग्लोबिन आणि साखर आताच तपासून घ्या, औषधोपचाराला अजून वेळ आहे. मागचा सगळा इतिहास डॉक्टरांना सांगा. सिझेरियन ठरलेच, तर छेद घेण्यापूर्वी प्रतिजैविक देतात ना, हे निःसंकोच विचारा. घरात कोणाचा घसा दुखत असेल, तर त्याने बाळंतिणीपासून दूर राहावे, कारण घशातले काही जंतू हातांवाटे तिच्यापर्यंत पोहोचून फार गंभीर आजार करू शकतात. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी १८४७ मध्ये तिथल्या डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, इतके या हातांना महत्त्व आहे.

दोन दिवस थांबल्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. हा समज घरोघरी आहे. दूध भरल्याचा ताप साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी येतो, दोन्ही स्तन दगडासारखे होतात आणि तो बहुधा दिवसभरात उतरतो. मात्र १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी येत असेल, ओटीपोट दुखत असेल, टाक्यांतून पू येत असेल, तर दिवस कोणताही असो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. धाप लागणे, नाडी फार जलद चालणे, अंग गार पडणे किंवा बोलण्यात असंबद्धता दिसणे, यांत तर तासही दवडू नये, मग ताप नसला तरी. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात; ही नजर पूर्ण ४२ दिवस ठेवा, आणि बाळंतविड्यात डिंकाच्या लाडवांशेजारी एक थर्मामीटर जरूर असू द्या.