राउटरला कसल्या संवेदना?

प्रश्न : वाय-फायच्या लहरींवरून खोलीतल्या माणसाची हालचाल ओळखतात, त्याला 'वाय-फाय संवेदना' म्हणावं की 'संवेदन'?

संवेदना शोकसभेत व्यक्त करतात. राउटरचं कोण गेलंय? हल्ली 'संवेदनशील वाय-फाय' हेही कानावर येतं, म्हणजे आता त्याच्याशी जपून बोलायचं. (डीप लर्निंगचं 'सखोल शिक्षण' करणारे तर वेगळेच. तिथलं 'डीप' म्हणजे न्यूरल नेटवर्कमधले, उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीतले, एकावर एक थर.)

आपल्याकडे तयार शब्द आहे : वेध. धातू व्यध्, म्हणजे भोसकणे, आरपार छेदणे. विद्ध त्यातलाच, कर्णवेध त्यातलाच आणि आपलं विंधणंही त्यातलंच. म्हणजे विंधनविहीर आणि वेधशाळा एकाच घरच्या! एकीचं तोंड खाली, दुसरीचं वर. वेधशाळेत कोणी तारे भोसकत नाही, तिथे नजरच बाण होते.

पण खरी मौज मत्स्यवेधात. प्रचलित कथेतला अर्जुन मासा बघतच नाही, पाण्यातलं प्रतिबिंब बघतो. इथेही तेच. लहरी भिंतींवर, अंगावर आपटून नाना वाटांनी रिसीव्हरपाशी येतात आणि एकमेकींत मिसळतात. २.४ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर. श्वासाबरोबर छाती हलते काही मिलिमीटर, तरी परतलेल्या लहरीची कला, म्हणजे लहर चढउतारात कुठवर आलीय ते (इंग्रजीत फेज), सरकते. (हो, चंद्राच्या असतात तोच शब्द.) मिसळलेल्या लहरींतले असे बदल दाखवून दाखवून न्यूरल नेटवर्कला शिकवतात : हा चालतोय, हा बसला, हा पडला. मग कुणी सोफा हलवतं आणि शिकलेलं सगळं चाचपडायला लागतं. पाणी ढवळलं असतं तर अर्जुनाचंही तेच झालं असतं. म्हणून आता खोलीची छाप वगळून नुसती माणसाची हालचाल वेचायला नेटवर्कला शिकवण्याची खटपट चालते.

परिभाषावाले म्हणतील, 'सुदूर संवेदन' (रिमोट सेन्सिंग) रुळलंय. रुळलंय खरं, पण ते विद् धातूचं, म्हणजे जाणणे. लहर काही जाणत नाही. ती वेध घेते, जाणायचं काम पुढे नेटवर्कचं. एवढा नेमका भेद हातात असताना परिभाषा समित्यांनी सगळ्यालाच 'संवेदन' चिकटवावं, हा निव्वळ आळस. आणि 'भविष्याचा वेद घेणारे' लेखक तर विद् आणि व्यध् दोघांचाही एकदमच निकाल लावतात.

हां, तुमचा प्रश्न. 'वेध' पटत नसेल तर 'संवेदन' लिहा, नपुंसकलिंगी. 'संवेदना' नको.