डाउनलोड केलेली गाणी गेली कुठे?

प्रश्न : नमस्कार दादा, बाबांना गाडीत जुनी नाट्यगीतं लागतात म्हणून एका म्युझिक अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं, बसून बसून ढीगभर गाणी डाउनलोड केली आणि पेनड्राइव्हवर टाकायला गेले तर फोनमध्ये फाइलच सापडेना. आता वर्ष संपलं तर अ‍ॅपमध्ये नावं दिसतात पण एकही वाजत नाही. पैसे मोजलेत ना मी? – एक वाचक, सातारा

उत्तर : मोजलेत ताई, पण ते ऐकण्याचे, गाण्यांचे नाही. ही अ‍ॅप्स गाणं फोनमध्ये उतरवतात खरं पण कुलूप लावून, आणि किल्ली अ‍ॅपकडे, त्यामुळे फाइल मॅनेजरमध्ये कितीही शोधा, कॉपी करण्यासारखं काही हाताला लागणार नाही. स्पॉटिफायला तर पैसे भरणं चालू असलं तरी ३० दिवसांतून एकदा नेट लावावंच लागतं, नाहीतर डाउनलोड गेले. जाहिरातीत "ऑफलाइन ऐका" एवढंच मोठ्या अक्षरात असतं, हे कुणी सांगत नाही, तुमची चिडचिड अगदी रास्त आहे.

पुन्हा सबस्क्रिप्शन घेतलं तर ऐकता येईल, पण ब्लूटूथ नाहीतर ऑक्स वायरने, पेनड्राइव्ह विसराच. आणि बाबांना पेनड्राइव्हच हवा असेल तर गाणं सरळ विकत घ्या. आयट्यून्स स्टोअरवर विकत घेतलेल्या गाण्यांना २००९ पासून असं कुलूप नाही, फक्त ती एएसी फाइल असते, जुना कारस्टिरिओ कधीकधी ती घेत नाही, मग कॉम्प्युटरवर एमपीथ्री करून घ्यायची. नाट्यगीतांच्या सीडी घरात असतील तर त्याहून सोपं, फुकटात काम होतं.

विकत घेण्याचा फायदा बघा. फ्लिपकार्टने २०१२ मध्ये फ्लाइट नावाचं एमपीथ्रीचं दुकान काढलं आणि २०१३ मध्ये गुंडाळलं, पण ज्यांनी तेव्हा फाइल उतरवून जपून ठेवल्या त्यांची गाणी आजही वाजतात. याउलट रेसो हे सबस्क्रिप्शनवालं म्युझिक अ‍ॅप २०२४ च्या जानेवारीत भारतातून गेलं तेव्हा त्यात डाउनलोड केलेलं गाणं कुणाच्याच हाती राहिलं नाही.

प्रश्न : अ‍ॅप डिलीट केलं तरी दर महिन्याला पैसे कापले जातायत, काय करू?

उत्तर : अ‍ॅप काढून सबस्क्रिप्शन बंद होत नाही, नव्वद टक्के लोक इथेच फसतात (हा आपला माझा अंदाज). प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यात आपला फोटो, मग पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, तिथे कॅन्सल. आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली सापडेल. यूपीआयने परवानगी दिली असेल तर पेमेंट अ‍ॅपच्या ऑटोपेमध्ये जाऊन ती रद्द करा. कार्ड असो की यूपीआय, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याआधी २४ तास तरी मेसेज यायला हवा, तो बहुतेक ऑफर्सच्या गर्दीत पडलेला असेल, एकदा शोधून बघाच.