ही डॉक्टरांची कारकुनी नव्हे

नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून तुमचं पत्र मिळालं. मुलीची बारावी झाली, गणित उत्तम, पण ‘नीट’मध्ये गुण कमी पडले. आता ती बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याच्या अभ्यासांसाठीचं संख्याशास्त्र, म्हणतेय आणि तुम्ही विचारता, ‘‘म्हणजे डॉक्टरांची कारकुनीच ना?’’

तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण घेतो. 2015च्या सुमारास सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडू लागले. हा गोचिडीतून येणारा आजार 1957मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. आता समजा, 20 रुग्णांपैकी 16 जण काजूच्या बागेत जाणारे निघाले. लगेच बागेवर आळ घ्यायचा? अहो, हंगामात सत्तरीत बागेत कोण जात नाही! म्हणून ताप न आलेल्या 20 शेजाऱ्यांनाही तोच प्रश्न विचारायचा. त्यांतले 5च जात असतील, तर न जाणारे रुग्णांत 4 आणि शेजाऱ्यांत 15. मग 16 गुणिले 15 याला 4 गुणिले 5 ने भागायचं. आले 12. याला ऑड्स रेशो म्हणतात, म्हणजे रुग्णांतलं जाणारे-न जाणारे हे प्रमाण शेजाऱ्यांतल्या प्रमाणाच्या किती पट आहे ते. एवढा मोठा आला की बागेकडे नीट बघावंच लागतं. (आकडे माझ्या मनचे, रीत खरी.)

कोणाला विचारायचं ते एपिडेमिऑलॉजिस्ट, म्हणजे साथरोगतज्ज्ञ, बघतो. किती जणांना विचारलं म्हणजे निकाल निव्वळ योगायोग ठरणार नाही, ते बायोस्टॅटिस्टिशियन सांगतो, आणि तेही पहिला फॉर्म भरण्याआधी. पुष्कळ डॉक्टर सगळं गोळा करून झाल्यावर एक्सेलची फाइल घेऊन येतात. तेव्हा फार काही हातात उरलेलं नसतं.

गोव्यातल्याच 24 दवाखान्यांत नैराश्य आणि चिंतेवरच्या उपचारांची एक चाचणी झाली. 2010मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. तिथं कोणता उपचार कोणाला, हे ठरवायला चिठ्ठ्या रुग्णांच्या नव्हे, दवाखान्यांच्या टाकल्या होत्या. एकाच बाकावरच्या दोघांना वेगवेगळे उपचार दिले की एकाचं दुसऱ्याच्या कानावर जातं आणि तुलना बिघडते. कारकुनाचं काम आहे का हे?

आता शिक्षणाचं. आधी बीएस्सी, स्टॅटिस्टिक्स किंवा गणित घेऊन. पुढे मुंबईत देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्याशास्त्राच्या संस्थेत किंवा वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयात बायोस्टॅटिस्टिक्सची एमएस्सी. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: सरकारी साथरोग विभागातल्या वरच्या जागा बहुधा डॉक्टरांकडेच जातात, म्हणून एपिडेमिऑलॉजीऐवजी बायोस्टॅटिस्टिक्स ही तिची निवड मला पटते. नोकरीसाठी पुणे-बेंगळुरूची तयारी मात्र ठेवा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जागा मोजक्याच.

आणि तिला विचारा, निरोगी शेजाऱ्यांतलेही 16 जण बागेत जाणारे निघाले तर काय म्हणायचं? उत्तर तिनंच लिहून पाठवावं, तुम्ही नको.